खोड सांगणारी माणसं

अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तात्या, तुम्ही इतकी वर्षं बाजारात पुस्तकं विकली, वाचक जोडले. त्याच्या गोड आठवणी लिहा." मी म्हणलं, बाई, गोड पाहिजे असेल तर आमच्या भागात साखर कारखाने भरपूर आहेत, तिकडं कुणाला तरी विचारा. माझ्याकडं सध्या नुसता राग आहे. त्या म्हणाल्या, "मग राग लिहा." म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर खुशाल नीट करा, पण शब्द बदलू नका. शब्द बदलण्यावरूनच हे सगळं झालंय.

माझी टपरी कोल्हारला, नगर-मनमाड रोडच्या कडेला. रस्ता असा, की दुपारपर्यंत पुस्तकावर धुळीचा थर बसतो. नाव वाचायचं तर आधी बोट फिरवावं लागतं. बाजाराच्या दिवशी ताडपत्री आणि खोकी टेम्पोत टाकून देवळाली प्रवराला जायचं, राहुरीला जायचं, भाजीवाल्यांच्या ओळीत पुस्तकं मांडायची. इकडं मेथी, तिकडं कोथिंबीर, मध्ये आम्ही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुस्तक म्हणजे पुस्तक. तसं नसतं. पंचांग, पोथी, आरत्या, भरतीच्या परीक्षेची पुस्तकं ही आपोआप खपतात. गिऱ्हाईक नाव घेऊन येतं, उचलून जातं. कादंबरी म्हणजे तोंड शिवलेलं पोतं. आत ज्वारी आहे का भुसा, बाहेरून कळायला मार्ग नाही. वर कितीही रंगीत चित्र काढा. पोत्यात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढून दाखवणारं कुणीतरी लागतं, आणि त्या माणसावर लोकांचा विश्वास लागतो. कादंबरीचा धंदा एवढाच आहे. बाकी सगळा कागद.

आमच्याकडं तो हात सिंधूचा होता. सिंधू माझी बायको. माहेर कर्जतकडचं, शिक्षण सातवी. ती टपरीत बसून वाचायची आणि मी विकायचो. मी जन्मात सबंध पुस्तक वाचलं नाही. गरजच पडली नाही, ती सांगायची.

सांगायची कशी, ते लिहितो. माझा बाप जनावरांचा हेडी होता, म्हणजे गाईबैल घ्यायचा आणि विकायचा. जनावरांच्या बाजारात एक रीत आहे. खोड सांगायची. बैल मारका असेल तर मारका सांगायचा, औताला मध्येच बसत असेल तर बशा सांगायचा. खोड सांगून विकलेलं जनावर परत येत नाही. लपवून विकलं तर जनावर परत येतं आणि त्याच्यामागं गिऱ्हाईक येतं, काठी घेऊन. सिंधू लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याकडून ही भाषा शिकली, आणि आम्ही पुस्तकांच्या धंद्यात पडलो तेव्हा तिनं ती तशीच्या तशी पुस्तकांना लावली.

"ही भाकड हाय. दिसायला दांडगी, दूध न्हाई." "ही लाथाडी. दूध लई, पन शिव्या पन लई, सासूसमोर काढू नका." "ही बशी, मधी बसती. शेपूट पिरगाळून उठवावी लागंल." "हा लेखक वढाळ. गोष्ट चालली एकाची, हा शिरतो दुसऱ्याच्याच रानात." गिऱ्हाईकाला आधी खोड, मग गुण. पहिल्यांदा मला वाटायचं, ही बाई धंदा बसवणार. पण लोक घ्यायचे. पुढं पुढं तर कव्हर कुणी बघायचंच नाही. हातात घ्यायचे आणि विचारायचे, "सिंधूताईनं वाचलंय का?" वाचलंय म्हणलं की पिशवीत. बाजारात तिच्या शब्दाला ही किंमत होती, आणि आमच्याकडं त्याच्याशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढं मी का ओरडतोय ते कळेल.

एकटी बाई किती जणांना सांगणार? म्हणून तिनं माणसं जोडायला घेतली. नवी कादंबरी आली की एक प्रत कुणाला तरी फुकट वाचायला द्यायची. वाचणाऱ्यानं दोनच गोष्टी पाळायच्या. लोकांना गोष्ट निम्मीच सांगायची, आणि खोड सांगायचीच. ज्याला खोड सापडली नाही त्यानं नीट वाचलंच नाही, असं ती धरून चालायची.

माणूस निवडायची तिची पद्धत वेगळी होती. "मला वाचनाची फार आवड आहे" म्हणणारा पहिला बाद. ज्याच्याकडं लोक खोळंबून बसतात असा माणूस ती शोधायची. कोल्हारची हिराबाई घ्या. पिठाची गिरणी चालवते. दळण होईपर्यंत बायका काय करणार? हिराबाई त्यांना कादंबरी सांगायची, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून. तिच्याकडून परत आलेलं पुस्तक झटकलं की एका पोळीपुरतं पीठ पडायचं.

दुसरे नाना गुरुजी. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, तेरावं, सगळं करतात. यांना प्रेमाच्या कादंबऱ्या लागायच्या. वर्तमानपत्राचं कव्हर घातल्याशिवाय पुस्तक टपरीबाहेर न्यायचे नाहीत. एकदा शेजारच्या गावात सत्यनारायण झाला, आरती झाली, प्रसाद झाला, तरी लोक उठेनात. यजमानाला वाटलं, काय ही भक्ती. लोक थांबले होते ते गुरुजींनी तयारी करता करता निम्मी सांगितलेल्या कादंबरीसाठी. गुरुजी पिशवी उचलत म्हणाले, "पुढचं कोल्हारला टपरीवर मिळेल."

तिसरा देवळाली प्रवराचा रशीदभाई, शिंपी. त्याच्याकडून ब्लाउज वेळेवर मिळाला असं सांगणारी बाई मला अजून भेटायचीय. पाय मशीनवर आणि पुस्तक मांडीवर. बायका भांडायला यायच्या आणि पुस्तकाचं नाव विचारून जायच्या.

एक किराणावालाही होता. प्रत्येक पुस्तकाला "एक नंबर" म्हणायचा. सिंधूनं त्याला पुस्तक देणं बंद केलं. तो विचारायला आला, "वहिनी, माझं काय चुकलं?" ती म्हणली, "भावजी, तुमचं कदीच काय चुकत न्हाई, त्योच घोटाळा हाय."

सिंधू गेली त्याला दोन पोळे झाले. किडन्या गेल्या होत्या. त्यावर जास्त लिहीत नाही. ती गेल्यावर मी कादंबऱ्या ठेवणं बंद केलं. पोतं उघडणारा हातच राहिला नाही तर पोती मांडून काय करू? पंचांग आणि भरतीची पुस्तकं, बस. तिचा मोबाईल मात्र मी वापरतो. माझा बटणांचा होता, तो बिघडला. या मोबाईलवरनं काही पाठवलं की नाव तिचं येतं, फोटो तिचा येतो. बदलायचं कसं ते मला येत नाही, असं मी लोकांना सांगतो.

तर गेल्या साली पुण्याहून एक मोटार टपरीपुढं येऊन थांबली. त्यातून सायली नावाची मुलगी उतरली. एका प्रकाशनाच्या जाहिरातीचं काम बघते. पोरगी वाईट नाही, हे आधीच सांगतो. राग आला म्हणून खोटं कशाला लिहू? उन्हातान्हात आली, स्टूल पुसून बसली, चहा घेतला.

"काका, आम्हाला या भागात वाचकदूत नेमायचेत."

"कसले दूत?"

"म्हणजे उत्साही वाचक. आमची नवी कादंबरी येतेय. लेखक तुमच्याच जिल्ह्यातला आहे, नेवाशाकडचा. आम्ही प्रती आधी देऊ. त्यांनी वाचायचं, मत कळवायचं, चार लोकांना सांगायचं. तुमच्याकडं अशी माणसं आहेत असं ऐकलं."

मी म्हणलं, "माझ्याकडं नाहीत. माझ्या बायकोची होती. दूत म्हणाल तर आमच्या घरी एकच येऊन गेला, त्याला पुस्तक लागलं नाही."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "त्यांचं काम पुढं चालू राहील, काका."

या एका वाक्याला मी भुललो. पण अट आधी घातली. "आमची माणसं खोड सांगतात. चालंल का?"

"खोड म्हणजे? झाडाचं?"

मी तिला मारका बैल, बशा बैल सगळं समजावून सांगितलं. ती हसली, मोबाईलमध्ये टिपून घेतलं. "अगदी चालेल काका. आम्हाला प्रामाणिकच मत हवंय." प्रामाणिक हा शब्द तिनं तीनचारदा वापरला. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. जनावरांच्या बाजारात जो फार वेळा देवाची शपथ घेतो त्याच्या बैलाचे दात आधी बघतात.

कादंबरीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तीही जाहिरात होईल.

पुस्तक बाजारात यायच्या आधीच्या, कोऱ्या कव्हरच्या प्रती आल्या आणि मी त्या वाटत फिरायला निघालो. सिंधू गेल्यावर पहिल्यांदा. हिराबाईनं मला पुस्तकं घेऊन येताना बघितलं आणि गिरणी बंद केली. लाईट असताना गिरणी बंद करणारी बाई नाही ती.

"नवी हाय?"

"नवी हाय."

"सिंधू आसती तर आदी तिनं वाचली आसती."

"आता तू वाच."

"वाचते वं. पन खोड मला गावंल का? ती बोट ठिवायची तवा मला दिसायची."

सायलीनं सांगितलं होतं, पुस्तक हातात धरून आधी एक फोटो काढून पाठवा. मी हिराबाईला तसं म्हणलं. ती म्हणली, "वाचायच्या आदी फोटू? लगीन व्हायच्या आदी बारसं." फोटो दिला नाही.

नाना गुरुजींनीच सिंधूचं दहावं-तेरावं केलं होतं. माझ्या हातात पुस्तक बघून त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "मला वाटलं, तात्या, तुम्ही आता आम्हाला कधी वाचायला देणारच नाही. माझ्याकडून क्रियाकर्म करून घेतलंत आणि कादंबऱ्याच बंद केल्यात." रशीदभाईनं हातातला ब्लाउज बाजूला ठेवला. मशीन थांबवून पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं.

तिघांनी महिनाभरात वाचली. बाजारात बोलणं सुरू झालं. मत कळवायला सायलीनं मोबाईलवर आम्हा सगळ्यांचा एक ग्रुप केला होता, त्यावर हिराबाईनं लांबलचक लिहिलं. गुरुजींनी शुद्ध भाषेत लिहिलं. रशीदभाईची बोटं सुईला चालतात, मोबाईलवर अडतात. तो म्हणला, "तात्या, मी बोलतो, तुमी लिवा." मी सिंधूच्या मोबाईलवर एकेक अक्षर शोधत लिहिलं, "वढाळ हाय पन दुधाची हाय. मधी मामाच्या गावाला कशाला गेली कळत न्हाई. पन वाचा." खाली रशीदभाईचं नाव टाकायचं राहिलं. पाठवून दिलं.

मग विकायच्या छापील पुस्तकांचा गठ्ठा आला. मी सुतळी कापली आणि पुस्तकं मांडली. मागची बाजू मी बघितली नाही. बघितली हिराबाईनं. दळणाला बायका बसलेल्या असताना एक प्रत हातात घेऊन टपरीवर आली. चेहरा पिठानं पांढरा, नेहमीच असतो, पण त्या दिवशी मला वेगळा वाटला.

"तात्या, सिंधूनं हे कवा लिवलं?"

"काय?"

तिनं वाचून दाखवलं. "मातीच्या गंधानं भारलेली, एका बैठकीत संपवावी अशी कादंबरी. वाचताना डोळे कधी पाणावले ते कळलंच नाही." आणि खाली, सौ. सिंधू, मग आमचं आडनाव, मग गृहिणी आणि वाचक, कोल्हार.

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. अक्षर अक्षर लावत वाचलं. तेच होतं.

एका बैठकीत. अहो, शेवटचं वर्ष त्या बाईला बसवत नव्हतं. पाठीशी उशा लावून तिला टेकवायचो, पुस्तक मी धरायचो आणि तिनं डोळ्यानं खूण केली की पान उलटायचो. आणि डोळे पाणावले म्हणे. वाचून रडणारी बाईच नव्हती ती. तिला राग यायचा. "ह्या पोरीनं त्याला पायतान हानायला पायजे हुतं," असं म्हणून ती पुढचं पान वाचायची. ही कादंबरी लिहून व्हायच्या आधी ती गेली, ते तर वेगळंच.

मी सायलीला फोन लावला.

"काका, पुस्तकं मिळाली का? कसं वाटलं?"

"हे मागं कुणी लिहिलं?"

"तुमच्या ग्रुपवरनंच घेतलंय की. त्या सिंधूताईंचं मत. खूप छान होतं, एकदम अस्सल."

"सिंधूताई माझी बायको. ती गेली, हे तुला चहा पिताना सांगितलं होतं."

पलीकडं तिनं तो ग्रुप उघडून बघितला असावा. मग म्हणाली, "तुम्ही नाव नव्हतं सांगितलं काका. नंबर त्यांच्या नावाचा, फोटो त्यांचा. आम्हाला कसं कळणार?"

हे तिचं खरं होतं. ते मी कबूल केलं. म्हणलं, "बरं. नावाची चूक माझ्यामुळं झाली. पण त्याच्यात वढाळ लिहिलं होतं, ते कुठं गेलं?"

"ते थोडं निगेटिव्ह वाटत होतं. भाव तोच ठेवला, भाषा नीट केली."

"दूध कुठं गेलं?"

"काका, दुधाची कादंबरी म्हणजे लोकांना कळणार नाही."

"आमच्या लोकांना कळतं. बाकीच्यांना काय कळतं, मातीचा गंध? रोडवर या, छाती भरून घ्या माती."

ती रडकुंडीला आली. म्हणाली, "सरांशी बोलते." मग सरांचा, म्हणजे प्रकाशकाचा, फोन आला. गोड आवाज. झालं ते वाईट झालं म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. मी म्हणलं, पुढची नको, हीच बघा. त्यावर ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. "आपण सौ.च्या जागी कै. करू या का? त्यांना श्रद्धांजलीही होईल."

पन्नास वर्षं बाजारात काढली. शिव्या मला कमी येत नाहीत. पण त्या माणसाला द्यायला एकही पुरेशी सापडेना. मेलेल्या बाईनं मेल्यावर प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचली, तिचे डोळे पाणावले, आणि खाली कै. मी फोन ठेवला.

पुढं वाईट सुरू झालं ते आपल्याच माणसांकडून. बाजारात बायका पुस्तक उलटून बघायच्या. "आगं बाई, सिंधूताईचं नाव." लगेच पिशवीत. मी म्हणायचो, खोटं आहे ते, तिनं वाचलेलं नाही. तर एक म्हणली, "आसू द्या वं तात्या. कुटं तरी नाव तर छापून आलं तिचं. आमचं येनार हाय का कदी?" आणखी कुणीकुणी तेच म्हणालं. माझा मुलगा पुण्याला असतो, तोसुद्धा म्हणाला, "बाबा, आईचं नाव पुस्तकावर आलं, तुम्ही भांडताय कशाला?"

खरं सांगतो, एक दिवस मलाही वाटलं, राहू द्यावं. जन्मभर पुस्तकं विकली त्या बाईनं आणि एकाही पुस्तकावर तिचं नाव नाही. हे काढलं तर कुठंच राहणार नाही. पण मग नुसतं नाव राहून काय करायचं? तिचं नाव म्हणजे तिचा शब्द. तो शब्द लोक विश्वासानं घरी नेणार, मध्येच कादंबरी मामाच्या गावाला चरायला जाणार, आणि लोक म्हणणार, सिंधूताई पण शेवटी तसलीच निघाली. आणि तिला उलटून बोलता येणार नाही.

मी पुस्तकं परत पाठवायला निघालो तेव्हा रशीदभाई मध्ये पडला. "तात्या, किताबनं काय गुन्हा केला? त्या पोरानं मन लावून लिवलंय. मागचं झाका आन् विका." पटलं. हिराबाईनं खळ शिजवली. आम्ही तिघं आणि नाना गुरुजी गिरणीत बसलो आणि एकेका पुस्तकाच्या मागं कोरा कागद चिकटवला, त्या वाक्यावर आणि तिच्या नावावर. गुरुजी पट्टी लावताना काहीतरी पुटपुटत होते. हिराबाई म्हणली, "गुरुजी, मंतर नका म्हनू, कागद वाकडा चाललाय."

मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी सायलीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "काका, तुमच्या पट्टीवाल्या पुस्तकाचा फोटो कुणीतरी टाकलाय. सगळे विचारतायत, खाली काय लपवलंय म्हणून. मागणी वाढलीय. सर म्हणतायत, सगळ्याच प्रतींना अशी पट्टी लावायची. कल्पना भारी होती तुमची."

म्हणजे तिच्या नावानं जाहिरात केली, आणि तिचं नाव झाकलं तर झाकण्याचीही जाहिरात. यांच्यापुढं माणसानं दुःख तरी कुठं ठेवायचं? मी फोन कापला. आता वाटतं, बोलायला पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात देवळाली प्रवराच्या बाजारात एक बाई आली. साठीची असेल, डोक्यावर पदर, हातात मुलांच्या खाऊची पिशवी. तोंडओळख होती, नाव माहीत नव्हतं. तिनं पुस्तकांकडं बघितलंच नाही.

"सिंधूताई कुटंय?"

मी म्हणलं, "ती गेली, बाई. दोन वर्षं झाली."

बाई ताडपत्रीच्या कडेला बसली. पिशवी मांडीवर घेतली. 

"तिनं मला एक पुस्तक दिलं नव्हतं," ती म्हणली.

"म्हंजे?"

"माझा पोरगा गेल्ता तवा. गाडीवर, नगर-मनमाड रोडला. मला घरात करमंना, म्हनून वाचाया कायतरी मागाया आले. एक पुस्तक मला आवडलं, चित्र चांगलं हुतं. पैसं काढलं तर सिंधूताई म्हनली, हे न्हाई द्यायची. हे मारकं हाय, शेवटाला शिंग लागतंय. तू आत्ता नको वाचू. सोसंल तवा ये. तिनं दुसरंच दिलं, हसायचं." बाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता सोसंल आसं वाटतंय. म्हनून आले."

"कोणतं होतं ते?"

"नाव न्हाई ध्यानात. तिला म्हाईत आसंल म्हनून आले."

मी काय सांगणार? ते तिला एकटीला माहीत होतं. कोणत्या बाईला कोणतं पुस्तक द्यायचं नाही, हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

बाईची नजर मग नव्या कादंबरीवर गेली. तिनं उचलली, मागची पट्टी बघितली, त्याबद्दल काही विचारलं नाही. पानं फिरवली.

"ही कशी हाय?"

"वढाळ हाय, पन दुधाची हाय. रशीदभाई म्हणतो."

"मारकी हाय का?"

 रशीदभाईनं वढाळ सांगितलं, हिराबाईनं भाषा चांगली सांगितली, गुरुजींनी प्रेमाचं सांगितलं. रीतीप्रमाणं सगळ्यांनी मला निम्मीच गोष्ट सांगितली होती. शेवटी कुणाला शिंग लागतं का, हे मी विचारलंच नव्हतं.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणलं. "मी वाचलेली न्हाई."

"मग वाचा की."

"मला जमत न्हाई, बाई. चौथी शिकलोय."

"मी तिसरी." तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "येते मी परत. वाचून ठिवा."

रशीदभाईला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण मग मी त्या बाईला दुसऱ्याच्या तोंडचं सांगितलं असतं, आणि दुसऱ्याच्या तोंडचं छापल्याबद्दल तर मी या लोकांना शिव्या देतोय. म्हणून वाचतोय. टपरीत बसून, सिंधूच्या जागेवर, बोट ठेवून. एक पान संपवायला मला कपभर चहा थंड होण्याइतका वेळ लागतो. मामाच्या गावाला जाऊन आलो. वढाळ आहे, रशीदभाई खोटं बोलला नाही. पण त्या गावातली म्हातारी चांगली लिहिलीय.

सायलीचे फोन येतात. पट्टीवाल्या प्रती लोक मागतायत, तुमच्याकडच्या पाठवा म्हणते. माझ्याकडच्या सगळ्या खोक्यात बंद आहेत. मी आत्ता जिथं आहे तिथं कादंबरीतल्या पोराला त्याच्या बापानं मोटारसायकल घेऊन दिलीय. पोरगा खुशीत आहे, आई त्याच्या गाडीला हार घालतीय. पुढं काय होतं ते मला अजून माहीत नाही. ते कळेपर्यंत यातली एकही प्रत माझ्या हातून कुणाला मिळणार नाही. प्रकाशकानं फोन करायचा तेवढा करावा.